बाबी तावड्याची माटवी आणि तीन नव्या इमारती

माझ्या ओळखीचे जे लोक प्रवासाला जातात, ते परत येऊन हिमशिखरांवर किंवा लंडनच्या धुक्यावर लिहितात. मी मुलुंडहून निघालो, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली पाहिली आणि परत मुलुंडला आलो. त्यात पाहण्यासारखं काय आहे, असं वाचकांना वाटेल. जाण्यापूर्वी मलाही तसंच वाटत होतं. पण चार फूट बाय तीन फुटांची लाकडी चौकट हातात घेऊन ही तिन्ही उपनगरं कुणी पाहिली असतील असं मला वाटत नाही. मी पाहिली आहेत, म्हणून लिहितो.

आधी चौकटीबद्दल सांगायला हवं. मुलुंड पूर्वेला, नाहूरच्या अंगाला, आमची बारा खोल्यांची बैठी चाळ होती. वर मंगळुरी कौलं, पुढे सगळ्यांना मिळून एक लांब ओटा आणि मागे सगळ्यांना मिळून तीन संडास. जागेच्या मालकाने कंटाळून ती जागा आम्हा भाडेकरूंनाच देऊन टाकली, तेव्हा आमची सोसायटी झाली. पहिल्या सभेला मी उशिरा पोचलो आणि माझ्या गैरहजेरीत एकमताने सेक्रेटरी झालो.

चाळ पाडून तिथे तीन मजली इमारत बांधायची ठरली. नकाशा काढला अध्यक्षांचा भाचा श्रीरंग देवस्थळी याने. तो नवा आर्किटेक्ट होता. दाढी, खादीचा झब्बा, खांद्याला शबनम आणि डोळ्यांत सतत कुठल्यातरी लांबच्या इमारतीकडे पाहत असल्याचा भाव. मजल्यावर चार घरं आणि प्रत्येक घरात स्वतंत्र संडास. नकाशा घरी आणला त्या दिवशी माझ्या बायकोने, नलूने, त्यातल्या संडासाच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. एकोणीस वर्षं ती रोज सकाळी बादली घेऊन रांगेत उभी राहिली होती. पावसात छत्री आणि बादली दोन्ही घेऊन. तिने कधी तक्रार केली नाही, आणि तिचं ते बोट पाहून मला माझीच लाज वाटली.

नकाशावर बारा बिऱ्हाडांच्या सह्या हव्या होत्या. अकरा झाल्या. बारावी बाबी तावड्याची. बाबी माझ्याच वयाचा, भिंतीला भिंत लावून राहणारा, मूळचा मालवणकडचा. गिरणीत फिटर होता, गिरणी सुटल्यावर एका कारखान्यात लागला. त्याने नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि विचारलं, ‘‘माटवी खंय टांगू?’’

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी पट्ट्यांची चौकट. तिला आंब्याचे टाळ म्हणजे पानांच्या डहाळ्या, नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, चिबूड, रानातली फुलं असं सगळं बांधतात. बाबीची माटवी त्याच्या आजोबांनी फणसाच्या लाकडाची केलेली. दर चतुर्थीला ती त्याच्या खोलीत वाशांना टांगली जायची आणि चाळीतलं प्रत्येक घर काहीतरी एक आणून तिला बांधायचं. आमच्या घराचं पडवळ ठरलेलं. एका वर्षी मी पडवळाऐवजी दुधी नेला, तर बाबीने तो बांधू दिला नाही.

श्रीरंगच्या नकाशात वासे नव्हते. सपाट सिमेंटचा स्लॅब होता. श्रीरंग म्हणाला की नवी वास्तुकला कागदावर समजायची नाही, ती जाऊन पाहायला हवी. रविवारच्या सभेआधी तीन दिवस तो स्वतः आम्हाला दाखवायला तयार झाला. बाबी म्हणाला, येतो, पण माटवी बरोबर घेऊन. मी तीन दिवसांची किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक’ असं लिहिलं.

घाटकोपर, गुरुवार

आम्ही बसने निघालो. कंडक्टरने माटवीकडे पाहून विचारलं, ये पलंग है क्या. बाबी म्हणाला, देवाची आहे. कंडक्टर विचारात पडला आणि देवाचं तिकीट न फाडता पुढे गेला. बाबीने चौकट डोक्याशी आडवी धरली होती. भांडुपला एका बाईने तिच्यावर पिशवी अडकवली. विक्रोळीपर्यंत तीन पिशव्या आणि एक छत्री झाली. बाबी खूश होता. श्रीरंग खिडकीबाहेर पाहत होता.

घाटकोपरची इमारत टेकडीच्या उतारावर होती. सात मजली, राखाडी, भिंतींवर फळ्यांचे ठसे जसेच्या तसे. बाबीने मान वर करून पाहिलं आणि गिलावा कधी करणार म्हणून विचारलं. गिलावा करायचाच नाही, हे प्रामाणिक काँक्रीट आहे, असं श्रीरंगने सांगितलं. बाबीने भिंतीवरून हात फिरवला. आपण तीस वर्षं प्रामाणिकपणे नोकरी केली पण दाढी रोज करत होतो, असं तो हळूच मला म्हणाला. मला मात्र ती इमारत आवडली. उन्हात तिच्या सज्ज्यांच्या सावल्या एकाखाली एक पडल्या होत्या आणि कुठे काही उगाच चिकटवलेलं नव्हतं. हे मी श्रीरंगला सांगितलं, तर त्याचे डोळे पाणावले. बिचाऱ्याला आमच्या चाळीत इतके दिवस कुणी बरं बोललं नसावं.

पाचव्या मजल्यावर त्याच्या ओळखीच्या कांताबेन राहत होत्या. लिफ्टला जाळीचं दार होतं. माटवी आम्ही तिरकी आत घेतली आणि तिचा एक कोपरा जाळीतून बाहेर राहिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध तो कशाला तरी लागला आणि लिफ्ट थांबली. आम्ही चौघे, म्हणजे लिफ्टमन धरून, चौकटीत एकेक डोकं घालून पाऊण तास उभे होतो. लिफ्टमन निवांत होता. तिसऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना दमा आहे, चौथ्यावरच्या सुनेचं माहेर राजकोटचं, सहाव्यावर दोघे भाऊ बोलत नाहीत, सगळं त्याने सांगितलं. बाबीने विचारलं की हे सगळे एकमेकांकडे जातात का. लिफ्टमन म्हणाला, ‘‘जायेंगे कैसे? सब सीधा ऊपर जाते हैं, सीधा नीचे आते हैं. मिलते हैं तो मेरे को.’’

 बाबीने पाना मागवला आणि लिफ्ट स्वतःच सोडवली.

कांताबेननी खाकरा आणि छुंदा दिला, वर मसाल्याचा चहा. हॉलमध्ये स्लॅबला पंख्याचा एकच हूक होता. पंखा उतरवून त्याला माटवी टांगून पाहायला त्या आनंदाने तयार झाल्या. एका हुकावर माटवी कलंडली, मग गरगर फिरायला लागली आणि थांबेना. कांताबेन म्हणाल्या, छान दिसतं. बाबीला पटलं नाही. त्याचं म्हणणं, देवाच्या डोक्यावर काही फिरतं ठेवायचं नसतं.

अंधेरी, शुक्रवार

अंधेरी पश्चिमेला श्रीरंगच्या सरांनी बांधलेली इमारत होती. ती गोल होती. निसर्गात सरळ रेषा नसते म्हणून भिंतीही सरळ नव्हत्या. पूर्वी तिथे भाताची खाचरं होती असं सांगत असत. आता रस्त्याच्या एका बाजूला ही गोल इमारत आणि समोर अजून म्हशींचा गोठा, असा देखावा होता. म्हशी इमारतीकडे पाहत रवंथ करत होत्या आणि इमारतीतले लोक नाकाला रुमाल लावून म्हशींकडे पाहत होते. यातला आधुनिक कोण, हे मला ठरवता आलं नाही.

आमचे यजमान श्री. व सौ. कारखानीस. फार सज्जन माणसं. त्यांचं गोदरेजचं कपाट गोल भिंतीला टेकत नव्हतं, म्हणून खोलीच्या मध्यात उभं होतं आणि त्याच्याभोवती फिरून बोलावं लागत होतं. कारखानीसबाई कपाटाच्या पलीकडून विचारायच्या, ‘‘साखर किती?’’ मी अलीकडून सांगायचो. नलूला इथला संडास पाहायला आणायला हवं होतं. फिक्या निळ्या फरशा, साखळीऐवजी दाबायचं बटण. मी ते दोनदा दाबून पाहिलं आणि मनात तिचं बोट आठवून तिसऱ्यांदा दाबलं.

जेवायला त्यांनी रशियन सॅलड केलं होतं. पांढरंशुभ्र, थंडगार, काचेच्या मोठ्या भांड्यात. बाबीने ते पाहिलं आणि सगळं लक्ष छताकडे वळवलं. छत सुंदर होतं, मध्ये प्लास्टरचं कमळ. फिटरला धातू, लाकूड, सिमेंट काहीही दिसलं की ठोकून पाहायची सवय असते. बाबी स्टुलावर चढला. श्रीरंग ‘ते खोटं छत आहे’ असं सांगायला कपाटाला वळसा घालून निघाला, पण तोवर बाबीने माटवीच्या टोकाने कमळाला दोन टिचक्या मारल्या होत्या. कमळ सॅलडमध्ये पडलं. दोन्ही पांढरी. त्यानंतर कुणाला काय वाढावं हा प्रश्नच उरला नाही.

छताला आता भोक होतं आणि त्यातून एक वायर लोंबत होती. शिडी हवी होती. कारखानीसांकडे नव्हती. शेजाऱ्यांकडे मागा, असं बाबी सहज म्हणाला. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. शेजारी दुबईला असतात, कारखानीस म्हणाले, दोन वर्षांत दार उघडलेलं पाहिलं नाही. बाबीने जाऊन बेल दाबली. दार उघडलं. लुंगी नेसलेले एक गृहस्थ शिडी घेऊन आले आणि कारखानीसांना म्हणाले, ‘‘तुम्ही इथेच असता होय? आम्हाला वाटलं तुम्ही दुबईला असता.’’

मी हसून हसून कपाटाला टेकलो. श्रीरंगही हसला. बाबी हसला नाही. तो कितीतरी वेळ त्या दोन समोरासमोरच्या दारांकडे पाहत उभा होता. परतीच्या वाटेवर त्याने माटवी कुणाला पिशवी अडकवायलाही दिली नाही.

बोरिवली, शनिवार

बोरिवलीत बाबीचा चुलतभाऊ, आबा, नव्या वसाहतीत राहायला गेला होता. चोवीस इमारती, सगळ्या एकसारख्या. पुनरावृत्तीत एक लय असते, असं श्रीरंग गेटवर सांगत होता. पुढचा तास आम्ही त्या लयीत फिरत होतो. दोनदा त्याच पाणपोईपाशी आलो. श्रीरंगने नकाशा काढला, तो बरोबर होता, पण त्यात आपण कुठे आहोत हे लिहिलेलं नव्हतं. शेवटी बाबीने नाक वर केलं, वारा घेतला आणि एका जिन्याने सरळ वर गेला. बांगड्याच्या तिखल्याचा, म्हणजे तिखट कालवणाचा, वास चौथ्या मजल्यावरून येत होता. आबाचं घर तेच.

आबाच्या बायकोने, हिरावैनीने, तिखलं, भात आणि सोलकढी वाढली. आम्ही दामले हे खात नाही. त्या दिवशी खाल्लं. नलू हे वाचणारच आहे, तेव्हा इथेच कबूल करतो.

जेवून हॉलमध्ये आलो आणि वर पाहिलं तर स्लॅबला चार हूक. आबाने स्वतः बसवून घेतलेले, आपल्या माटवीच्या चार कोपऱ्यांना चार. बाबी स्टुलावर चढला. त्याची माटवी त्या हुकांना मोजून केल्यासारखी बसली. हलली नाही, कलंडली नाही. श्रीरंगने टाळी वाजवली. इतकं सोपं होतं, म्हणाला, मी सोमवारी नकाशात घालून टाकतो. मला एकदम हलकं वाटलं. आमची नलू निळ्या फरशांवर उभी असलेली मला दिसायला लागली.

बाबीने खाली उतरून आबाला विचारलं की गेल्या चतुर्थीला माटवी कुणी बांधली. आबा म्हणाला, ‘‘मी आणि ही. ही स्टुलार, मी खाली.’’ आणि शेजारी? आबाने खांदे उडवले. शेजारी चांगले आहेत, म्हणाला, रंगीत टीव्ही आहे त्यांच्याकडे.

बाबीने माटवी काढली आणि मांडीवर घेऊन बसला. बोलला तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हता.

‘‘हूक गावतले रे दामल्या. हूक काय, लोखंडाचे असतत. पण माटवी बांधूक माणसां खंयसून आणू? वर्सभर ज्येंची दारां बंद, ते चतुर्थेक कशे येतले?’’

 तीन दिवस आम्ही छतं पाहत होतो आणि हा माणूस दारं पाहत होता. सेक्रेटरी म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हणालो की मी पडवळ आणीन. बाबी म्हणाला, तू दुधी आणशील.

मुलुंड, रविवार

सभा ओट्यावरच भरली. पुरुष खुर्च्यांवर, बायका आपापल्या उंबऱ्यात. श्रीरंगने चार हुकांचा नवा नकाशा रात्रीतून काढून आणला होता, सोमवारची वाटही पाहिली नव्हती. सगळ्यांनी वाहवा केली. मी पेन बाबीपुढे धरलं. बाबीने हात मांडीखाली घातले.

मी प्रवासाचा अहवाल वाचायला घेतला. लिफ्टचं सांगितलं, लोक हसले. कमळाचं सांगितलं, जास्त हसले. दुबईचं सांगितलं तेव्हा हसले आणि मग हळूहळू गप्प झाले. तिसऱ्या खोलीतल्या काकू म्हणाल्या, असं होत असेल तर नकोच ते. सहाव्या खोलीने मान डोलावली. माझ्या डोळ्यांसमोर अकरा सह्या एकेक करून पुसल्या जायला लागल्या, आणि ते माझ्याच अहवालामुळे. मी नलूकडे पाहायचं टाळलं.

पण नलूच उठली. एकोणीस वर्षांत ती चारचौघांत कधी बोलली नव्हती. ती बाबीशी बोलत होती, बाकी कुणाशी नाही.

‘‘बाबीभाऊजी, मला संडासाचं दार हवंय. आतून कडी असलेलं, माझं एकटीचं. पुढच्या दाराचं तुम्ही काय वाट्टेल ते करा.’’

 बाबी तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने हात मांडीखालून काढले, पेन घेतलं आणि सही केली. सही करताना तो हसत होता हे मी पाहिलं, पण का ते मला तेव्हा कळलं नाही.

पुन्हा मुलुंड, दोन वर्षांनंतर

प्रवासवर्णन खरं तर इथे संपायला हवं. पण माझ्या मते आमचा प्रवास यंदाच्या चतुर्थीला संपला.

इमारत सुंदर झाली आहे. श्रीरंगने गिलावा केला, बाबीच्या आग्रहाखातर. पण सज्ज्यांच्या सावल्या तशाच एकाखाली एक पडतात, अगदी घाटकोपरसारख्या. नकाशा बाराही घरांना एकच, त्यामुळे चार हूक बाराही घरांना आले. कुणी झोपाळा टांगलाय, कुणी कपड्यांची काठी, कुणी नातवाचा पाळणा. आम्ही काहीच टांगलेलं नाही. नलू म्हणते, तिला छताशी देणंघेणं नाही.

आणि दारं बंद व्हायला लागली होती. कुणाचा दोष नव्हता. ओटा राहिला नाही, बाहेर बसायला कारण राहिलं नाही. आम्हीसुद्धा जून ते ऑगस्ट बाबीच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं, तो एकाच मजल्याने वर असून. हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे.

चतुर्थीच्या सकाळी मी पडवळ घेऊन निघालो. पिशवीत दोनदा पाहून खात्री केली. जिना चढताना मी मनात म्हणत होतो की निदान बेल तरी बाबी ऐकेल. वर पोचलो तर बेल दाबायला दारच नव्हतं.

बाबीने बिजागऱ्या खोलून घराचं पुढचं दार काढलं होतं आणि हॉलमध्ये दोन स्टुलांवर आडवं टाकलं होतं. त्यावर नारळ, काकड्या, चिबूड, आंब्याचे टाळ मांडले होते. दाराच्या रिकाम्या चौकटीतून आतला गणपती, वरची माटवी आणि स्टुलावर उभा बाबी थेट जिन्यातून दिसत होते. ‘‘पुढच्या दाराचं वाट्टेल ते करा म्हटलंन ना तुझ्या बायकोने,’’ तो वरूनच म्हणाला, ‘‘केलंय. पडवळ दे.’’

पहिल्या मजल्याचे वर आले, तिसऱ्याचे खाली आले. जो जिन्यातून जाईल त्याला आत दिसायचं आणि दिसल्यावर तसंच पुढे जाणं कुणालाच जमेना. तिसऱ्या खोलीतल्या, म्हणजे आता तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भोपळी मिरच्या घेऊन आल्या. श्रीरंग सफरचंद घेऊन आला होता. परंपरेत बसत नाही म्हणून बाबीने ते आधी नाकारलं, मग एका कोपऱ्यात बांधलं. दुपारपर्यंत इतकी माणसं झाली की जेवणाची पानं मांडायला त्या दारावर जागा उरेना.

नलू आली, पाहिलं, वाढायची वाटी खाली ठेवली आणि पुन्हा घरी गेली. मी मागोमाग गेलो. ती आमच्या पुढच्या दारासमोर उभी होती. ते तिने स्वतः पॉलिश केलेलं, पितळी मुठीचं, दर शनिवारी पुसलेलं दार. मला वाटलं, ते लावून घेऊन जरा पडायला आली असेल.

‘‘अहो, स्क्रूड्रायव्हर कुठेय?’’ ती म्हणाली. ‘‘वर टेबल पुरत नाहीये.’’

मी आणून दिला आणि सवयीने आतल्या संडासाच्या दाराकडेही पाहिलं. तिने माझी नजर ओळखली.

‘‘ते नाही,’’ ती म्हणाली. ‘‘ते माझं आहे.’’